संरक्षित समुद्रात गरवायला जाताना: नवशिक्यांसाठी पायरीपायरीने

संरक्षित सागरी क्षेत्रात हौसेने गळ टाकणाऱ्या नवख्या माणसाच्या हातून नियम मोडतो तो बहुतेक वेळा हावेपायी नव्हे. होडी नांगरावर फिरता फिरता बंदीच्या पट्ट्यात सरकते. मासा जबड्यापासून मोजायचा की कुठून, हे ठाऊक नसते. दोघांचे मासे एकाच बादलीत पडतात आणि तपासणीच्या वेळी कोणाचे किती हे सांगता येत नाही. यातली प्रत्येक चूक घरून निघण्यापूर्वीच्या तयारीने टळते.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसू द्या. लहान मासा सोडा, बंदीतली जात सोडा, ठरलेल्या संख्येवरचे सोडा, अशी हौशी मासेमारीच्या नियमांतली निम्मी वाक्ये ‘सोडा’ या शब्दावर संपतात. सोडलेला मासा तासाभराने तळाशी मेला, तर कागदावर नियम पाळला गेला आणि समुद्रात मोडला. म्हणून या लेखात मासा सोडण्याच्या पद्धतीला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

नियम कोणत्या क्रमाने वाचायचे

सहा प्रश्न विचारा आणि क्रम बदलू नका: जागा, काळ, साधन, जात, माप, संख्या. एका प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले की पुढचे पाहायची गरज उरत नाही. मासा मापात बसतो की नाही हा विचार बंदीच्या पट्ट्यात उभे राहून करण्यात काही अर्थ नसतो.

एकाच पाण्यावर बहुधा दोन-तीन कायदे लागू असतात: मासेमारीचा सर्वसाधारण कायदा, त्या संरक्षित क्षेत्राची स्वतःची नियमावली आणि वन्यजीवांविषयीचा कायदा. दोन ठिकाणी वेगवेगळे लिहिलेले आढळले, तर जो नियम जास्त कडक तो पाळा. मासेमारीचा परवाना खिशात आहे म्हणजे संरक्षित क्षेत्रात गळ टाकायची परवानगी मिळाली, असे होत नाही. ती बऱ्याच ठिकाणी वेगळी काढावी लागते आणि तिच्यावर तारीख, जागा व माणसाचे नाव असते.

क्षेत्र सांभाळणाऱ्या कार्यालयाचा चालू हंगामाचा आदेश आणि नकाशा मिळवा. जुना नकाशा, बंदरावरचा फिकट झालेला फलक किंवा ‘इथे सगळेच टाकतात’ हे उत्तर धरून चालू नका. आदेशाचा फोटो फोनमध्ये उतरवून ठेवा, कारण पाण्यावर नेटवर्क मिळेलच असे नाही. संदिग्ध वाटणारे वाक्य सापडले तर फोन करून विचारा. उत्तर मिळेपर्यंत त्या ठिकाणी गळ टाकू नका.

जागा: हद्द कागदावर सरळ, पाण्यावर नाही

बहुतेक मोठी संरक्षित क्षेत्रे पट्ट्यांत विभागलेली असतात. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरियर रीफचे उदाहरण घ्या. तिथे गुलाबी पट्ट्यात परवानगीशिवाय शिरताही येत नाही. हिरव्या पट्ट्यात पोहा, होडी चालवा, पण मासा काढायचा नाही. पिवळ्या पट्ट्यात माणशी एकच दोरी आणि तिला एकच गळ चालतो. निळ्या छटांच्या पट्ट्यांत हौशी गरवणाऱ्याला बरीच मोकळीक आहे. १ जुलै २००४ पासून लागू झालेल्या नव्या आखणीत तिथला हिरवा पट्टा पाच टक्क्यांहून कमी होता तो सुमारे ३३ टक्क्यांवर गेला. त्याच्या आधीच्या नकाशावर विसंबून कोणी निघाला असता, तर कालपर्यंतची हक्काची जागा आज बंदीत गेल्याचे त्याला कळलेही नसते. तुमच्या क्षेत्रातले रंग आणि नावे वेगळी असतील. रंगाला भुलू नका, त्या रंगापुढचा मजकूर वाचा.

हद्द बहुधा अक्षांश-रेखांशांत दिलेली असते आणि नवशिक्यांची पहिली मोठी चूक इथे होते. समजा, आदेशात २०° १५′ ३०″ असे लिहिले आहे. तीस सेकंद म्हणजे अर्धा मिनिट. म्हणून यंत्रात दशांश मिनिटांची पद्धत असेल तर २०° १५.५००′ भरायचे, आणि दशांश अंशांची असेल तर २०.२५८३°. घाईत कोणी १५.३०′ भरतो. फरक ०.२ मिनिटांचा, म्हणजे किरकोळ वाटतो. पण अक्षांशाचा एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. तुमची हद्द तब्बल ३७० मीटर सरकली. यंत्राच्या सेटिंगमध्ये कोणती पद्धत निवडली आहे ते आधी पाहा, आणि भरलेला बिंदू नकाशावर जिथे दिसायला हवा तिथेच दिसतो का, हे किनाऱ्यावर असतानाच ताडून बघा.

दुसरी चूक नांगराची. दहा मीटर पाण्यात नांगर नीट धरायला साधारण पाचपट, म्हणजे पन्नास मीटर दोर सोडावा लागतो. भरती संपून ओहोटी लागली की होडी नांगराभोवती फिरून पलीकडे जाते आणि मूळ जागेपासून शंभर मीटरपर्यंत सरकते. त्यात तुमची फेक साठ-सत्तर मीटरची. बऱ्याच नियमावल्यांत होडी कुठे आहे एवढेच न पाहता गळ कुठे पडला आहे तेही पाहतात. म्हणून नांगर हद्दीपासून दोनशे मीटर तरी आत, आपल्या बाजूला टाका. होडी सैल सोडून गरवत असाल तर आणखी सावध राहा. तासाला एक सागरी मैल हा काही फार ओढीचा प्रवाह नव्हे, तरी त्यात होडी मिनिटाला तीस मीटर वाहते. एक मासा ओढण्यात दहा मिनिटे गेली की तीनशे मीटर गेलेच.

किनाऱ्यावरून गरवणाऱ्यांनी हद्द भरतीच्या रेषेपासून मोजली आहे की ओहोटीच्या, हे विचारून घ्यावे. उतार कमी असलेल्या किनाऱ्यावर या दोन रेषांत काही शे मीटरचे अंतर असू शकते. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडपावर तुम्ही कोरड्या पायांनी उभे असता, आणि कागदोपत्री ती जागा बंदीच्या पाण्यात असते.

बंदीच्या पट्ट्यातून नुसते पुढे जायचे असेल तर सहसा हरकत नसते. मात्र सगळ्या दोऱ्या पाण्याबाहेर, गळ काढलेले आणि काठ्या बांधून ठेवलेल्या हव्यात. आमिष लावलेला गळ काठीला लटकत असेल तर ‘आम्ही फक्त जात होतो’ हे पटवणे अवघड जाते.

काळ

बंदीचा काळ ठरतो तो माशांच्या विणीवरून. हेकरूच्या (इंग्रजीत ग्रुपर) काही जाती वर्षातल्या ठरावीक दिवसांत, बहुतेकदा पौर्णिमेच्या आसपास, शेकड्यांनी एकाच जागी जमतात आणि दरवर्षी तीच जागा धरतात. कॅरिबियन समुद्रातला नासाऊ हेकरू हिवाळ्यातल्या पौर्णिमांना असा जमतो. जमलेला थवा सापडला की काही दिवसांत दूरदूरच्या पाण्यातले मोठे मासे संपवता येतात, आणि कित्येक ठिकाणी तसे झालेही आहे. म्हणून अशा काळात ‘पकडून लगेच सोडतो’ ही सबबही पुष्कळ ठिकाणी चालत नाही. विणीला आलेली मादी दहा मिनिटे गळावर झुंजली की तिची वीण बिघडू शकते.

रात्री बंदी असेल तर सूर्यास्ताची वेळ त्या दिवसाची धरा आणि अर्धा तास आधीच सामान आवरायला घ्या.

साधन: काय न्यायचे, काय घरी ठेवायचे

माणशी किती काठ्या आणि काठीमागे किती गळ, हे आधी पाहा. तीन फाट्यांचा गळ लावलेली लूर, म्हणजे नकली आमिष, काही ठिकाणी तीन गळ म्हणून मोजतात. पाग, भाला, रात्रीचा प्रखर दिवा आणि मासे जमवायला टाकायचा चारा यांवर वेगळे नियम असतात. हवेची टाकी पाठीवर घेऊन भाल्याने मासा मारणे बऱ्याच देशांत बंद आहे.

परवानगी असली तरी तीन फाट्यांचे गळ घरीच राहू द्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमिषावर गरवताना गोल गळ वापरा. त्याचे टोक दांड्याच्या दिशेने काटकोनात आत वळलेले असते. माशाने आमिष गिळले तरी दोर ताणला की गळ घशातून घसरत येतो आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो. मात्र सवयीने झटका द्याल तर तो माशाच्या तोंडातून सरळ बाहेर येईल. झटका द्यायचा नाही. दोर ताणू द्या, मग एका गतीने रीळ गुंडाळत राहा. गळ विकत घेताना तो टेबलावर आडवा ठेवून पाहा: टोक एका बाजूला तिरके निघालेले असेल तर तो घेऊ नका, तिरका गळ खोल रुतण्याचा धोका जास्त असतो. टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. दोर ताणलेला ठेवलात तर मासे फारसे सुटत नाहीत, आणि गळ काढायला दोन सेकंद लागतात. गळ साध्या पोलादाचा घ्या. माशाच्या पोटात राहिलाच तर तो गंजून झिजतो, स्टेनलेस लवकर झिजत नाही.

तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोर, फार बारीक घेऊ नका. बारीक दोरावर मोठा मासा अर्धा तास खेळवण्यात मजा वाटते, पण तितका वेळ झगडलेला मासा सोडल्यावर उभारी धरत नाही. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, त्यामुळे उन्हाळ्यात हे आणखी जाणवते.

पिशवीत एवढे असू द्या: मोजपट्टीची फळी, लांब चोचीची पकड, तार तोडणारी कातरी, गाठी नसलेल्या रबरी जाळीचे डिपनेट (मासा उचलायची दांड्याची जाळी), दोन झाकणाच्या बादल्या, तुटक्या तंगुसासाठी बाटली, आणि खोल पाण्यात जाणार असाल तर मासा तळाशी पोचवायचा चिमटा व त्याचे वजन. सुती गाठीची जाळी पंख फाडते आणि खवले खरवडते, म्हणून रबरीच घ्या.

आमिषाकडे नवशिक्यांचे हमखास दुर्लक्ष होते. संरक्षित क्षेत्रातल्या चिखलातून किडे उकरणे, खडपावरून शिंपले सोलणे हेही तिथल्या जिवांची उचल करणेच ठरते आणि ते बहुधा बंद असते. आमिष बाहेरून आणा, पण दुसऱ्या समुद्रातले जिवंत आमिष आणू नका आणि उरलेले पाण्यात ओतू नका. गोठवलेल्या कच्च्या कोळंबीतूनही व्हाइट स्पॉटसारखा विषाणू नव्या पाण्यात जाऊ शकतो.

माप: सर्वांत जास्त वाद इथेच होतात

नियमावलीत ‘४० सेंटीमीटर’ एवढेच पाहून थांबू नका. कुठून कुठपर्यंत, ते वाचा. पूर्ण लांबी म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या शेवटच्या टोकापर्यंत. काट्यापर्यंतची लांबी म्हणजे तोंडापासून शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत. सुरमईसारख्या खोल खाचेच्या माशात या दोहोंत कित्येक सेंटीमीटरचा फरक पडतो. पाकटाची लांबी न मोजता अंगाची रुंदी मोजतात. शेवंड आणि खेकडा यांच्या पाठीचे कवच मोजतात, नांग्या आणि मिशा नव्हे.

मोजायची पद्धत अशी. फळी आधी ओली करा, उन्हात तापलेली फळी माशाची कातडी भाजते. मासा उजव्या कुशीवर आडवा ठेवा, तोंड मिटवा आणि नाक फळीच्या उभ्या कडेला हलकेच टेकवा. तोंड उघडे राहिले तर खालचा जबडा पुढे येतो आणि अर्धा-एक सेंटीमीटर फुकट वाढतो. आता शेपूट. काही नियमावल्या शेपटीचे दोन्ही फाटे चिमटीत जुळवून मोजायला सांगतात, काही शेपूट नैसर्गिक पसरलेली ठेवायला सांगतात. चिमटीत धरलेली शेपूट थोडी लांब भरते. वरून सरळ खाली पाहून आकडा वाचा, तिरके पाहू नका. शिंप्याची टेप माशाच्या पोटावरून कधीही टाकू नका. फुगीर अंगावरून गेलेली टेप सरळ रेषेपेक्षा जास्त दाखवते, आणि तपासणारा माणूस फळीच वापरतो.

मासा रेघेवर असेल तर सोडा. मेलेला मासा बर्फात थोडा आखडतो. सकाळी नेमका चाळीस भरलेला मासा दुपारी धक्क्यावर साडेएकोणचाळीस भरला की जबाबदारी तुमची.

पुष्कळ जातींना खालची मर्यादा असते तशी वरचीही असते. मोठा मासा सोडायचा म्हटले की नवशिक्यांचा जीव खालीवर होतो, म्हणून त्यामागचे कारण सांगायलाच हवे. माशाचे वजन दुप्पट झाले की अंडी दुप्पट होतात असे नाही, त्याहून पुष्कळ जास्त होतात. अटलांटिक कॉडची तीस किलोची एक मादी दोन किलोच्या अठ्ठावीस माद्यांहून जास्त अंडी देते, आणि त्या अठ्ठावीस जणींचे वजन मिळून छप्पन्न किलो भरते. काही जाती तर वयात आल्यावर लिंग बदलतात. जिताडा आधी नर असतो, मोठा झाला की मादी होतो. म्हणजे फक्त मोठे जिताडे काढत गेलात तर पाण्यात माद्याच उरत नाहीत. हेकरूच्या बऱ्याच जातींत नेमके उलटे घडते: लहान असताना मादी आणि मोठेपणी नर. वरची आणि खालची अशा दोन रेघांमधला मासा घ्यायचा, बाकीचे दोन्हीकडचे सोडायचे, ते यासाठी.

खेकडा किंवा शेवंड मापात असली तरी उलटी करून पाहा. पोटाखाली अंड्यांचा घोस असेल तर लगेच सोडा. अंडी खरवडून टाकणे हा बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र गुन्हा आहे.

संख्या

मर्यादा बहुधा माणशी असते, होडीला नव्हे. काही ठिकाणी माणशी आणि होडीला अशा दोन्ही असतात. म्हणून प्रत्येकाची बादली वेगळी ठेवा. आपला आकडा भरल्यावर शेजाऱ्याच्या नावावर गरवत राहणे बहुतेक नियमावल्यांना मान्य नाही. दुसऱ्याला दिलेला मासाही पकडणाऱ्याच्या खात्यात धरला जातो. ‘जवळ बाळगण्याची मर्यादा’ लिहिली असेल तर कालचे घरी किंवा होडीत ठेवलेलेही त्यात येतात.

नंतर मोठा मासा मिळाला म्हणून आधीचा मेलेला लहान मासा समुद्रात टाकून देऊ नका. ठेवायचा की सोडायचा, हे गळ काढतानाच ठरवा. एकदा बादलीत गेलेला मासा मोजला गेला.

मासे होडीत कापू नका. डोके आणि शेपूट अंगाला राहिले तरच जात ओळखता येते आणि माप घेता येते. तुकडे सापडले तर तुमचा खरेपणा सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरत नाही. हौशी परवान्यावर काढलेला मासा विकायचा नाही, कोणत्याही रूपाने.

सोडायचा तर जगेल असा सोडा

मासा वर आणण्यापूर्वी सगळे हाताशी ठेवा: पकड उघडी, फळी ओली, हात ओले. कोरडा हात किंवा फडके अंगावरचा चिकट थर पुसून टाकते आणि तोच थर माशाला जंतूंपासून वाचवतो. हाताला उन्हाचे मलम लागले असेल तर आधी धुऊन घ्या.

शक्य असेल तर मासा पाण्याबाहेर काढूच नका. होडीच्या कडेला जाळीत पाण्यातच ठेवून गळ काढता येतो. वर उचलावा लागलाच तर आडवा, एक हात पोटाखाली आणि दुसरा शेपटीच्या अरुंद भागाभोवती. मोठा मासा जबड्याने उभा लटकवला की त्याच्याच वजनाने जबड्याची आणि मणक्याची जोडणी दुखावते. कल्ल्यांत बोटे घालू नका. पाण्याबाहेर आला की मनात आकडे मोजायला लागा, विसाच्या आत तो परत पाण्यात हवा. फोटो काढायचा असेल तर काढणारा आधी तयार हवा.

गळ ओठात दिसत असेल तर पकडीने ज्या वाटेने गेला त्याच वाटेने मागे काढा. गिळलेला असेल आणि दिसतच नसेल तर ओढाताण करू नका. तोंडाजवळ तंगूस कापा आणि सोडा. घशातून ओरबाडून काढलेल्या गळापेक्षा आत राहिलेल्या गळाने मासा जगण्याची शक्यता जास्त असते. नवशिके चांगल्या भावनेने गळ काढायला जातात आणि मासा हातात रक्तबंबाळ होतो.

सोडताना तोंड प्रवाहाकडे करून सरळ धरा. पुढेमागे घुसळू नका, कल्ल्यांतून पाणी पुढून मागेच जायला हवे. शेपटीने जोर लावून तो स्वतः निघाला की हात सोडा. उंच धक्क्यावरून किंवा खडपावरून फेकू नका. दोराला बांधलेल्या जाळीतून खाली उतरवा.

खोल पाण्यातून आलेला मासा

समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. तीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. तिथून तांबोशी किंवा हेकरू वर आणला की त्याच्या वाताशयातला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीतला, वायू चौपट फुगतो, आणि या जातींना तो पटकन बाहेर टाकता येत नाही. डोळे खोबणीतून बाहेर येतात, पोट टणक होते, तोंडातून गुलाबी फुग्यासारखे काहीतरी डोकावते. तो फुगा म्हणजे उलटून बाहेर आलेले जठर. ते वाताशय आहे असे समजून त्याला भोक पाडणारे पुष्कळ आहेत. त्याने मासा मरतो. आत ढकलूही नका.

असा मासा नुसता सोडला तर पोट वर करून तरंगत राहतो, आणि ऊन किंवा पक्षी त्याला संपवतात. त्याला पुन्हा खोल न्यावे लागते. वजन बांधलेला चिमटा खालच्या ओठाला लावा, दोर सोडत जा, आणि तळाजवळ पोचल्यावर चिमटा उघडा. काही चिमटे ठरलेल्या दाबाला आपोआप उघडतात. दहा मीटरवर नेला तरी वायूचे आकारमान निम्मे होते, पण जमेल तितके खोल न्या. अमेरिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या नियमांत अशा साधनाला किमान सुमारे ४५० ग्रॅम वजन आणि १८ मीटर दोर सांगितला आहे. पाच-सहा किलोच्या फुगलेल्या माशाला तेवढे वजन पुरत नाही, दीड-दोन किलो जवळ ठेवा. पोकळ सुईने वायू काढायची पद्धतही आहे, पण ती जाणकाराच्या हाताखाली शिकल्याशिवाय वापरू नका.

मुशी, पाकट आणि सुरमई यांना वाताशयच नसते, त्यांना हा त्रास होत नाही. खोल पाण्यात एकामागून एक मापाखालचेच मासे येऊ लागले, किंवा तुमचा आकडा भरला, तर तिथून उठा. अशा पाण्यात पकडून सोडण्याचा खेळ सुरू ठेवणे आम्हाला अजिबात मान्य नाही, नियमात बसत असले तरी.

नको तो जीव गळाला लागला तर

करवती मासा, कासव, समुद्री घोडा आणि पुष्कळ ठिकाणी हेकरू, मुशी व पाकटांच्या काही जाती पूर्ण संरक्षित असतात. त्या जागच्या संरक्षित जातींची चित्रे जवळ ठेवा. ओळख पटली नाही तर मासा संरक्षितच आहे असे धरून सोडा. मेलेला वर आला तरी घरी आणायचा नाही, नोंद करून कळवायचे.

कासवाला दोराने उचलू नका. मोठे असेल तर पाण्यातच ठेवून गळाच्या अगदी जवळ तंगूस कापा. लोंबता लांब दोर त्याच्या पायांना आवळतो. गळ गिळला असेल तर तिथल्या बचाव यंत्रणेला फोन करून ती सांगेल तसे करा. पक्षी अडकला तर पंख मिटवून डोक्यावर फडके टाका, म्हणजे तो शांत होतो, आणि काटा कातरीने तोडून गळ मागे काढा.

पाकट होडीत घेऊ नका, कडेलाच तंगूस कापून सोडा. तिच्या शेपटीचा काटा आणि शिंगाळ्याच्या पाठीवरचा व कल्ल्यांमागचा काटा विषारी असतो. टोचलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम, पण ४५ अंशांच्या वर नसलेल्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

नांगर, तपासणी, परतल्यावर

पोवळ्यावर किंवा समुद्री गवतावर नांगर टाकू नका. गवताच्या काही जातींच्या मुळ्यांचे जाळे वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर पसरते, आणि साखळी एका भरतीत त्याचे वर्तुळ साफ खरवडते. बांधलेला बोया असेल तर तोच वापरा, नसेल तर वाळूचा फिकट पट्टा शोधा. उचलताना होडी नांगराच्या बरोबर वर आणा आणि सरळ ओढा.

तपासणी आली की दोऱ्या वर घ्या, बादल्या उघडा, कागद दाखवा. मासे जातीनुसार मांडलेले असले तर पाच मिनिटांत काम होते. चूक झाली असेल तर लपवू नका.

दिवसाची नोंद तिथेच लिहा: वेळ, जागा, जात, लांबी, ठेवला की सोडला. घरी गेल्यावर आठवून लिहिलेले आकडे हमखास गोल होतात. दुसऱ्या पाण्यात जाण्यापूर्वी होडीचा तळ, जाळी आणि बूट गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, म्हणजे एकीकडचे शेवाळ आणि अळ्या दुसरीकडे जात नाहीत.

पाठीवर नळीसारखी बारीक रंगीत खूण टोचलेला मासा मिळाला तर ती संशोधकांनी लावलेली आहे. तिच्यावरचा क्रमांक, माशाची लांबी, जागा आणि तारीख उतरवून घ्या. मासा सोडणार असाल तर खूण कापू नका. ती तशीच राहू द्या आणि क्रमांक कळवा.